तडकाफडकी नायकाची शोकांतिका: वाचायची कशी, बसवायची कशी

हौशी नाटकाच्या पहिल्या वाचनाला शोकांतिकेच्या नायकाचा निकाल पाच मिनिटांत लागतो. "रागीट होता, म्हणून संपला." मग नायक करणारा मुलगा पहिल्या प्रवेशापासून आवाज चढवतो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. उत्तरपत्रिकेतही तेच होतं. ‘नायकाच्या स्वभावदोषामुळे त्याचा ऱ्हास होतो’ असं एक वाक्य, आणि पुढे दोन पानं कथानक.

पण रागीट माणसं तर प्रत्येक मोहल्ल्यात असतात. भांडतात, चार दिवस बोलत नाहीत, आणि पाचव्या दिवशी त्याच टपरीवर त्याच माणसाबरोबर चहा पितात. त्यांची शोकांतिका होत नाही. मग ‘एकच प्याला’तल्या सुधाकरची का होते? शेक्सपिअरच्या राजा लिअरची का होते? हे शोधायची जी पद्धत मी नागपुरातल्या हौशी मुलांबरोबर वापरतो, ती इथे क्रमानं मांडतो. नाटक बसवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, आणि बी.ए., एम.ए.च्या परीक्षेसाठी नाटक वाचणाऱ्यांनाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. उतावळेपणाच्या पहिल्या कृतीनं नायक सहसा बुडत नाही. त्या कृतीनंतर त्याला लाज वाटते. ती लाज सहन होत नाही म्हणून तो दुसरी कृती करतो, आणि तिथून परतायला वाट राहत नाही. संहितेत शोधायची ती ही लाज.

मुख्य उदाहरण ‘एकच प्याला’चं घेतो. मराठीत उतावळ्या नायकाचा इतका नितळ आलेख मला दुसरीकडे दिसलेला नाही. शिवाय या नाटकाचा आपल्या भागाशी एक दुखरा संबंध आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले, आणि गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर त्यांना पाहायला मिळाले नाहीत. संहिता सहज मिळते. विकत घ्यायची नसेल तर ग्रंथालयातून आणा, पण प्रत्येक कलाकाराच्या हातात स्वतःची प्रत हवी, कारण तिच्यावर पेन्सिल चालवायची आहे.

आधी कृतींची नोंद

संपूर्ण नाटक एकदा न थांबता वाचा. दुसऱ्या वाचनाला वहीत चार रकाने आखा. नायकाला कोणी आणि कशानं डिवचलं? त्यानं काय केलं? या दोहोंमध्ये किती वेळ गेला? त्या वेळी समोर कोण होतं? फक्त कृती लिहायची. ‘त्याला वाईट वाटलं’ ही कृती नाही. ‘त्यानं प्याला उचलला’ ही कृती आहे.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. सुधाकरचा घ्या. हुशार, स्वाभिमानी वकील. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. लक्षात घ्या, काही काळापुरती. वकिली कायमची गेलेली नाही. घर आहे, सिंधूसारखी बायको आहे. थोडे महिने गप्प बसला असता तर तो पुन्हा कोर्टात उभा राहिला असता. पण अपमानाची ती जळजळ त्याला त्याच क्षणी थांबवायची असते, आणि दारूबाज तळीराम नेमका तेव्हाच दारूचा प्याला पुढे करतो.

हा प्रवेश एकदा तालमीत अडला होता. सुधाकर करणारा मुलगा गरजत होता आणि प्रवेश काही केल्या उभा राहत नव्हता. प्रॉम्प्टिंगला बसलेली मुलगी वहीतून मान वर करून म्हणाली, "दादा, हा रागावून नाही राहिला, हा घाई करून राहिला." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही आवाज पार खाली आणला आणि एकच गोष्ट बदलली. तळीरामाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुधाकरचा हात प्याल्याकडे गेला पाहिजे. तळीराम करणारा मुलगा शेवटच्या दोन शब्दांवर अडखळला, कारण त्याच्या हातातून प्याला आधीच गेला होता. पटवून द्यायचं कामच उरलं नाही. समोर बसलेली मंडळी त्या वेळी पहिल्यांदा गप्प झाली.

तेव्हापासून मी मुलांना सांगतो की राग आणि उतावीळ वेगवेगळे धरा. राग कधीकधी वर्षानुवर्षं वाट पाहतो. उतावीळ माणसाला समोरच्याचं वाक्य संपेपर्यंतही दम नसतो.

मग तोच स्वभाव गुण म्हणून कुठे दिसतो ते पाहा

ही पायरी गाळली की नायक मूर्ख वाटायला लागतो, आणि मूर्खाच्या पडण्याचं प्रेक्षकाला दुःख होत नाही. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेच्या नायकाबद्दल जे म्हटलं ते याच कारणानं अजून कामाचं आहे. तो पुरता सज्जन नको आणि दुष्टही नको, आपल्यासारखा हवा, आणि त्याच्या हातून चूक घडायला हवी.

सोफोक्लीजचा इडिपस घ्या. स्फिंक्सच्या कोड्याचं उत्तर त्यानं दिलं ते तडफेनं, आणि त्या तडफेमुळेच थीब्जनं त्याला राजा केलं. तीच तडफ त्याआधी, तीन रस्ते मिळतात त्या जागी, रथातल्या म्हाताऱ्यानं डोक्यावर फटका मारताच उसळली होती, आणि त्यानं म्हाताऱ्याला ठार केलं. तो माणूस वडिलांच्या वयाचा होता. आपल्या हातून वडिलांची हत्या होणार हे भाकीत इडिपसनं नुकतंच ऐकलेलं होतं. दोन्ही वेळी स्वभाव एकच होता. एकदा त्यानं राज्य मिळालं, एकदा बापाचं रक्त हाताला लागलं.

सुधाकरच्या बाबतीत तो गुण म्हणजे मानी स्वभाव. अपमान गिळून हांजी हांजी करणारा वकील आपल्याला आवडला नसता. म्हणून बसवताना सुधाकरचा पहिला प्रवेश हसरा, चपळ, हजरजबाबी ठेवा. प्रेक्षकाला त्याच्या या चपळाईचं कौतुक वाटलं पाहिजे, कारण तीच पुढे त्याच्या घरावर उलटणार आहे. ‘नटसम्राट’मध्ये आप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात तो क्षणही असाच आहे. त्या वेळी तो औदार्याचा वाटतो, आणि तसाच वाटायला हवा.

थांबवणारा माणूस कोण, आणि तो कुठे आहे

जवळजवळ प्रत्येक शोकांतिकेत कोणीतरी ‘थांब’ म्हणतं. लिअरला त्याचा सरदार केंट म्हणतो आणि हद्दपार होतो. इडिपसला त्याची राणी योकास्ता विनवते की आता पुढे शोध घेऊ नकोस. रोमिओला फ्रायर, म्हणजे साधू, लॉरेन्स सांगतो की जपून चाल, धावणारेच अडखळतात. या माणसाला पेन्सिलीनं गोल करा, आणि नायक त्याला ऐकत नाही तेव्हा नेमकं काय करतो ते लिहा. हाकलतो, टिंगल करतो की विषय बदलतो, यावरून त्याचा स्वभाव लांबलचक स्वगतापेक्षा जास्त कळतो.

सुधाकरचा थांबवणारा म्हणजे त्याचा मित्र रामलाल, आणि तो नाटकाच्या सुरुवातीलाच विलायतेला निघतो. गडकऱ्यांची ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या प्याल्याच्या वेळी ज्याचं सुधाकरनं ऐकलं असतं तो जवळ नसतो, आणि जवळ असतो तो तळीराम. रामलालच्या निरोपाचा प्रवेश वेळ वाचवण्यासाठी छाटायचा मोह होतो. छाटू नका.

परतीची वाट शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन तालमी गेल्या तरी चालेल.

पहिल्या घाईच्या कृतीनंतर नायकाला मागे फिरायची संधी मिळते. ती कुठे मिळते आणि तो ती का घेत नाही, हा खरा प्रश्न. आपल्याला हे महाभारतापासून माहीत आहे. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर सगळं हरतो, भावांना हरतो, द्रौपदीला पणाला लावतो. तरीही धृतराष्ट्राच्या वरामुळे सगळं परत मिळतं, आणि पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. कथा तिथे संपू शकली असती. मग वाटेतच पुन्हा बोलावणं येतं, आणि तो फिरून येऊन पुन्हा खेळायला बसतो. वनवास आला तो या दुसऱ्या डावानं.

लिअरचं पाहा. धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, त्यानं भर दरबारात एका उत्तरावरून टाकलं आणि राज्य थोरल्या दोघींना दिलं. आपण तिच्यावर अन्याय केला हे त्याला नाटकाच्या शेवटी कळतं, असं बरेच विद्यार्थी लिहितात. तसं नाही. पहिला अंक संपायच्या आतच, विदूषकाशी थट्टा चाललेली असताना, मध्येच त्याच्या तोंडून ते निघून जातं. म्हणजे कळलेलं आहे. तरी तो कॉर्डेलियाकडे निरोप पाठवत नाही. तो त्या दोघींपैकी रेगनच्या दारी जातो, कारण दोन मुलींवर ठेवलेला विश्वास बरोबर होता हे त्याला अजून सिद्ध करायचं आहे. पुढे कॉर्डेलिया सैन्य घेऊन डोव्हरला येते, लिअर त्याच गावात असतो, आणि तरी तिच्यासमोर जायला तयार होत नाही. केंट त्याचं कारण सांगतो: लाज. राज्य गेलं, वादळात उभं राहून झालं, तरी ज्या लेकीवर अन्याय केला तिच्यासमोर उभं राहण्याची लाज सुटत नाही.

आता पुन्हा सुधाकर. तो दारू सोडण्याची शपथ घेतो. ही त्याची परतीची वाट, आणि ती खोटी नाही. तो मनापासून ठरवतो. मग काम मागायला ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसांपुढे उभा राहतो आणि ती त्याला झिडकारतात. इथे पुन्हा तोच मानी, उतावळा स्वभाव. पुन्हा तीच जळजळ, आणि पुन्हा ती लगेच विझवायची घाई. या वेळी तळीरामानं प्याला पुढे करायची गरजही नसते. यानंतरचा सुधाकर वेगळा आहे. नशेत तो मुलाचा जीव घेतो, सिंधू जखमी होते, आणि मरताना फौजदारासमोर आपण पडलो असं सांगून नवऱ्याला वाचवते.

वहीत या दोन प्याल्यांना समोरासमोर ठेवा. पहिल्या प्याल्याआधी त्याच्याकडे घर होतं आणि मित्राची आठवण होती. दुसऱ्याआधी त्याच्याकडे फक्त शपथ होती, आणि ती मोडली की स्वतःच्या नजरेतून उतरणं. नाटकाचं वजन पहिल्या प्याल्यावर टाकणारे दिग्दर्शक मी पुष्कळ पाहिले. माझ्या मते ते दुसऱ्यावर पडायला हवं.

एक उदाहरण असंही आहे जिथे नायक मागे फिरतो. ‘अँटिगनी’मधल्या राजा क्रेऑननं अँटिगनीच्या भावाचं प्रेत पुरायला बंदी केलेली असते, आणि तो हुकूम मोडणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडलेलं असतं. पण तो शेवटी ऐकतो. त्याला सांगितलं जातं की आधी अँटिगनीला गुहेतून सोडव आणि मग प्रेताचं दफन कर. तो निघतो, पण काम उलट क्रमानं करतो. आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. पोहोचतो तेव्हा अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो, आणि पाठोपाठ क्रेऑनचा मुलगा व बायकोही जाते. हुकूम देताना ज्यानं घाई केली तो तो हुकूम मागे घेताना उशीर करतो. मुलांना हा भाग मोठ्यानं वाचून दाखवा. व्याख्यान द्यायची गरज पडत नाही.

योगायोग वेगळा काढा

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ शिकताना कोणीतरी हमखास म्हणतं, "चिठ्ठी पोहोचली असती तर काहीच झालं नसतं." खरं आहे. ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं निपचित पडली आहे, हे रोमिओला कळवणारी ती चिठ्ठी. ती नेणाऱ्या साधूला साथीच्या संशयावरून घरात कोंडून ठेवलं, हा योगायोगच. पण योगायोग येऊन आदळतो तेव्हा नायक काय करतो ते पाहा. ज्युलिएट गेली ही बातमी घेऊन रोमिओचा नोकर बाल्थाझर मँटुआला येतो. रोमिओ विचारतो, फ्रायरचं पत्र नाही का? तो नाही म्हणतो. रोमिओ म्हणतो, असू दे, आणि विष आणायला निघतो. बाल्थाझर त्याला धीर धरायला सांगतोसुद्धा. पत्र यायला हवं होतं हे रोमिओला आठवतं, आणि तरी तो थांबत नाही.

या नाटकात उतावीळ फक्त तरुणांची नाही. ज्युलिएटचा बाप लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो, त्यामुळे तिला औषध एक रात्र आधी घ्यावं लागतं आणि निरोप पोहोचायचा वेळ आणखी कमी होतो. आर्थर ब्रूकच्या १५६२च्या ज्या काव्यावरून शेक्सपिअरनं कथा घेतली, त्यात हे सगळं महिनोन्महिने चालतं. शेक्सपिअरनं ते रविवार ते गुरुवार पहाट एवढ्यात बसवलं. त्यानं घाई नाटकाच्या घड्याळातच घातली आहे.

‘ऑथेल्लो’बद्दल एवढंच. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०मध्ये त्याचं ‘झुंझारराव’ केलं तेव्हापासून मराठी प्रेक्षक या नायकाला ओळखतो. त्याचा मत्सर सगळे पाहतात. पण त्याआधी एका रात्रीच्या दंग्यावरून, अर्धवट हकीकत ऐकून, तो आपल्या हाताखालच्या कॅसिओला उभ्या उभ्या काढून टाकतो, तिकडे कोणी पाहत नाही. बायकोचा, डेस्डिमोनाचा, निवाडा तो कसा करणार हे तिथे दिसून गेलेलं असतं.

एक सराव नागपूरच्या इतिहासावर

पद्धत अंगात मुरावी म्हणून मी मुलांना नागपूरच्या आप्पासाहेब भोसले या राजावर हीच नोंद करायला लावतो. मे १८१६मध्ये इंग्रजांशी तैनाती तह. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी रेसिडेंट जेन्किन्सचा विरोध असताना पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारणं. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई. मग शरणागती, जानेवारी १८१८मध्ये अटींसह पुन्हा गादी, मार्चमध्ये अटक, नेताना वाटेतून पलायन, आणि १८४०मध्ये दूर जोधपूरला मृत्यू. तिसरा रकाना भरताना मुलं थबकतात. वस्त्रं आणि लढाई यांत दोनच दिवस!

पण सरावाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा. या नोंदीवरून ‘आप्पासाहेब उतावळे होते म्हणून नागपूरचं राज्य गेलं’ असं लिहिणाऱ्याला मी परत पाठवतो. कंपनीची फौज, तैनातीचा फास, पुण्यात पेशवाईची चाललेली अखेर, हे कोणा एकाच्या स्वभावानं घडलेलं नाही. नाटककार नायकाचा स्वभाव आणि त्याचं नशीब एकमेकांत विणून देतो. इतिहास तसं विणून देत नाही. हा फरक कळला की नाटकातली वीण जास्त स्पष्ट दिसते.

तालमीत उतरवताना

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. डिवचणारं वाक्य संपल्यापासून नायकाची कृती होईपर्यंतचा वेळ मोजा. मग तोच प्रवेश मुद्दाम दहा सेकंद थांबून करा. त्या दहा सेकंदांत नटानं दरवाजा, समोरचा माणूस आणि हातातली वस्तू या तिन्हींकडे पाहायचं, आणि मग कृती करायची. नटाला कळतं की पात्राला दुसरं काय करता आलं असतं. पुढच्या वेळी ते दहा सेकंद काढून टाका. थांबलेल्या वेळी जे पाहिलं ते डोळ्यांत राहतं, आणि घाईला वजन येतं.

दुसऱ्या कृतीआधी मात्र वेळ काढू नका, वाढवा. तिथे प्रेक्षकाला लाज दिसायला हवी. लाज मोठ्या आवाजात दिसत नाही. नट समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही, कपडे नीट करतो, नको तिथे हसतो, एवढं पुरे. झिडकारला गेलेला सुधाकर कोटाची बटणं लावत बाहेर पडतो, असं आम्ही बसवलं होतं. संवाद एकही वाढवला नव्हता.

नायक भडकला की लाल प्रकाश टाकू नका, ढोल वाजवू नका. तुम्ही प्रेक्षकाला आधीच इशारा देता, आणि घाईचा सगळा परिणाम तिच्या अचानकपणात असतो. शेवटी सुधाकर विष पितो ती कृती मी नटाला अगदी सावकाश करायला सांगतो. तोवर सगळं झटक्यात करणारा माणूस आता पहिल्यांदा थांबून काहीतरी करतो, हे अंगावर येतं.

उत्तर लिहिताना

परीक्षेत कथानक सांगू नका, परीक्षकाला ते पाठ असतं. तीन गोष्टी लिहा: हा स्वभाव गुण म्हणून कुठे दिसला, परतीची वाट कुठे होती, ती का नाकारली. त्यातही जास्त जागा तिसरीला द्या. लिअरवरचा एक परिच्छेद साधारण असा असावा:

‘लिअर कॉर्डेलियाला एका उत्तरावरून टाकतो, पण हा निर्णय त्याच्या नाशाला पुरेसा नाही. पहिल्या अंकाअखेरच त्याला आपला अन्याय उमगलेला दिसतो. तरीही तो तिच्याकडे न वळता रेगनकडे जातो, कारण तिच्याकडे जाणं म्हणजे आपला दरबारातला निर्णय चुकला हे मान्य करणं. डोव्हरलाही लाजेनं तो तिच्यासमोर येत नाही. म्हणून त्याचा ऱ्हास रागातून सुरू झाला तरी तो पुढे चालतो तो चूक कबूल न करता येण्यामुळे.’

एवढ्यात प्रसंग आला, कारण आलं आणि तुमचं मतही आलं. परीक्षकाला तुमच्याशी वाद घालता येईल असं काहीतरी त्यात आहे. ‘स्वभावदोष’ हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. वापरायचाच असेल तर परिच्छेदाच्या शेवटी वापरा, सुरुवातीला नको.